बर्गेनची आत्या

बर्गेन, २ मार्च १९३१

प्रिय रास्मुस,

पाकिटावरचं अक्षर ओळखीचं वाटणार नाही, म्हणून आधीच सांगते. मी ओलिना. तुझी बहीण. जिवंत आहे.

कागदाला हात लावायला घाबरू नकोस. सिस्टर एल्सेने त्यावर कडक इस्त्री फिरवली आहे. खरं तर त्याचीही गरज नव्हती. डॉक्टर म्हणतात, माझ्या अंगातला रोग केव्हाच विझला आहे. वर्षानुवर्षं तपासतात आणि काही सापडत नाही. गेलं ते परत येणार नाही. डाव्या हाताची तीन बोटं आखडलेली आहेत, पायाला गरम-गार कळत नाही. पण माझ्यापासून कुणाला काही होणार नाही. एवढं मोठं वाक्य मी स्वतः लिहीन असं मला वाटलं नव्हतं.

आता महारोग्यांच्या या इस्पितळात आम्ही मोजकेच उरलो आहोत. नवीन कुणी येत नाही. लांबच लांब ओसरी, दोन्ही बाजूंना खोल्यांची दारं, आणि बहुतेक दारं बंद. स्वयंपाकघरात पूर्वी चुलीपाशी जागा मिळवायला भांडणं व्हायची. आता मी एकटीच कॉफी उकळते आणि किटलीशी बोलते.

डॉक्टरांनी विचारलं, घरी कोणी आहे का? मी म्हटलं, भाऊ आहे. आई गेल्यापासून घरून पत्र नाही, पण तिच्या शेवटच्या पत्रात होतं, की तू नॉर्डफ्योर्डमध्ये क्वाल्विकला लग्न करून बायकोच्या शेतावर राहायला गेलास. पत्ता पाद्रीबुवांनी शोधून दिला.

मी कधी काही मागितलं नाही, रास्मुस. आता मागते. एक कोपरा दे. मला विणता येतं, शेळ्यांचं दूध काढता येईल असं वाटतं, लोकांसमोर यायची मला हौस नाही. तुझ्या बायकोला विचार. नाही म्हणाली तर नाही. पण उत्तर मात्र दे.

तुझी,
ओलिना

*

क्वाल्विक, २९ मार्च १९३१

ती. ओलिनाआत्या यांस,

तुम्ही मला ओळखत नाही. मी सिनोवे, रास्मुसची मुलगी. वीस वर्षांची. माझ्या पाठीवर दोन भाऊ आहेत, पण बरेच लहान.

बाबाच्या डोळ्यांतून हल्ली सारखं पाणी येतं, म्हणून त्याची पत्रं मीच वाचून दाखवते. तुमचंही मीच वाचलं. आई गोठ्यात होती. ‘मी ओलिना, तुझी बहीण’ इथपर्यंत आले तर बाबा म्हणाला, “पत्ता चुकलाय. मला बहीण नाही.” मी म्हटलं, “अरे, पण नाव तर तुझंच आहे, पुढे तुझ्या लग्नाचंही लिहिलंय!” तर म्हणाला, “होती एक. लहानपणी वारली. चुलीत घाल ते.” आणि उठून होडीघराकडे गेला. मी मागोमाग गेले. तो जाळी दुरुस्त करायला बसला होता, पण सुई हातात नव्हतीच. नुसता बसला होता.

मी पत्र चुलीत घातलं नाही.

आम्हाला आत्या आहे हे मला माहीत नव्हतं. आईलाही नाही. बाबा इकडे आला तेव्हा एकटाच आला, मागचं कधी बोलला नाही. मला राग आला आहे, पण कुणाचा ते नीट कळत नाही. तुम्ही एवढी वर्षं तिथे आहात आणि आम्ही इथे नाताळला टेबलाभोवती गाणी म्हणतो!

उत्तर लिहा. माझ्या नावाने, दुकानदाराच्या पत्त्यावर. टपाल मीच आणते.

तुमची भाची,
सिनोवे

ता.क. बर्गेन कसं आहे? मी कधी पाहिलेलं नाही. आमच्याकडे लोक म्हणतात, तिथे घोडेसुद्धा छत्री नसलेल्या माणसाला बघून बुजतात.

*

बर्गेन, १२ एप्रिल १९३१

चि. सिनोवे,

‘आत्या’ हा शब्द मी तीनदा वाचला. मग सिस्टर एल्सेला वाचून दाखवला. मग स्वयंपाकघरात जाऊन किटलीला सांगितला.

बाबावर रागावू नकोस. मी गेले तेव्हा मी चौदाची होते, तो अकराचा. त्याला घरात काय सांगितलं गेलं, कुणी काय शिकवलं, मला माहीत नाही. त्या वेळी ज्या घरात हा रोग निघे, त्या घरातल्या मुलींना स्थळ येत नसे आणि मुलांना कुणी जहाजावर घेत नसे. त्याने मला मारून टाकलं असेल तर स्वतःला जगवायला मारलं असेल.

बर्गेन विचारतेस. गंमत अशी, की मी इथे सगळा जन्म काढला आणि गाव पाहिलं ते गेल्या वर्षी. त्याआधी फाटकाबाहेर जायची परवानगी नव्हती. आमच्या कुंपणापलीकडे रस्ता, रस्त्याच्या टोकाला रेल्वे स्टेशन. गाव मला कानांनी माहीत होतं. गाडीची शिट्टी, चर्चच्या घंटा, मे महिन्यात गल्लीगल्लीतल्या पोरांच्या पलटणी लाकडी धनुष्यं खांद्यावर टाकून ढोल बडवत जातात तो गोंगाट. आणि पाऊस. पावसाचं मी काय सांगू, पोरी. इथे पाऊस थांबला की लोक खिडकीशी येऊन बघतात, काय झालं म्हणून.

हे गाव सतत जळत आलं आहे. सगळं लाकडाचं. आमची इमारतसुद्धा जुनी जळली म्हणून दोनशे वर्षांमागे पुन्हा बांधलेली. म्हणूनच गावात मधूनमधून असे रुंद मोकळे पट्टे सोडलेत, आग उडी मारू नये म्हणून. तरी १९१६ च्या जानेवारीत मारलीच. बंदराजवळच्या वखारीत डांबर लावलेल्या तागाला दिवा लागला, वर वादळ, आणि अर्धं मधलं गाव खाक. आम्ही गाठोडी बांधून अंगणात उभे होतो. तेव्हा आम्ही पुष्कळ होतो. मालेना नावाची एक आंधळी बाई म्हणाली, “आता तरी फाटक उघडतील.” आम्ही हसलो. आग आमच्यापर्यंत आली नाही. फाटक उघडलं नाही.

गेल्या वर्षी पहिल्यांदा बाहेर पडले तेव्हा सिस्टर एल्से मला बंदरावर घेऊन गेली. तिथे जर्मन व्यापाऱ्यांची जुनी लाकडी घरं आहेत, एकमेकांना खांदा लावून उभी. उत्तरेकडून येणाऱ्या सुक्या माशांवर ते श्रीमंत झाले. एल्से सांगत होती, त्यांना तिथे असेपर्यंत लग्न करायची बंदी होती, आणि आगीच्या भीतीने राहत्या घरांत हिवाळ्यातसुद्धा शेकोटी पेटवू देत नसत. शेकायला आणि गरम जेवायला मागे एक वेगळं घर. शेकडो पुरुष, शेकडो वर्षं, बायको नाही, पोरं नाहीत, घरात ऊब नाही. मी म्हटलं, “म्हणजे आमच्यासारखेच की.” एल्सेला ते आवडलं नाही. पण मला त्या घरांपाशी परकं वाटलं नाही.

आणखी एक. ज्या जंतूमुळे हा रोग होतो, तो जगात पहिल्यांदा याच गावात दिसला, एका डॉक्टरच्या सूक्ष्मदर्शकातून. त्याआधी लोक म्हणत, रक्तातच असतो, किंवा देवाची खप्पा मर्जी. म्हणजे मी पकडले गेले त्याच्या वीस वर्षं आधी लोकांना कळलं होतं, की माझा काही दोष नव्हता. ही बातमी होल्मेच्या आमच्या शेतापर्यंत पोचायची राहिली, एवढंच.

घरी येण्याचं सोडून दे. तू पत्र लिहीत राहिलीस तरी पुष्कळ झालं.

तुझी (हे लिहायला किती बरं वाटतं)
ओलिनाआत्या

*

क्वाल्विक, १० मे १९३१

ती. आत्या,

सोडून देणार नाही! तू मला अजून ओळखत नाहीस. (‘तू’ म्हणू ना? तुम्ही-तुम्ही केलं की पाद्रीबुवांशी बोलल्यासारखं वाटतं.)

बातमी अशी, की शरदात माझं लग्न आहे. तोर्लाइव त्याचं नाव, फ्योर्डच्या पाण्यापलीकडचा. दिसायला बरा, बोलायला कमी, होडी स्वतःची. त्याची आई इंगेबोर मात्र जरा कडक आहे. घरात आली की आधी खिडकीच्या फळीवर बोट फिरवून धूळ बघते. मी तोर्लाइवला अजून तुझं सांगितलेलं नाही. सांगेन. मी काही लपवणार नाही, फक्त आधी बाबाला वळवायचं आहे.

बाबा म्हणजे दगड. मी हळूच विषय काढते आणि तो उठून जातो. हल्ली फारच चमत्कारिक झालाय. चर्चमध्ये येत नाही, कुणाशी हात मिळवत नाही. घरातसुद्धा हातमोजे! परवा तर काय झालं, चुलीच्या लोखंडी कडेवर हात टेकवून माझ्या आईशी मासळीच्या भावावरून वाद घालत होता. मला करपल्याचा वास आला. बघते तर तळव्याची कातडी जळतेय आणि याला पत्ताच नाही! आईने किंचाळून हात ओढला. तर बाबा तिच्यावरच ओरडला, “वाद घालताना मध्ये हात कशाला घालतेस!” आम्ही नंतर इतकं हसलो. आई म्हणते, या माणसाच्या डोक्यासारखी कातडीही जाड झाली.

माळ्यावरची खोली मी रिकामी करायला घेतली आहे. खिडकी फ्योर्डकडे उघडते.

तुझी,
सिनोवे

*

बर्गेन, १७ मे १९३१

चि. सिनोवे,

आज राष्ट्रीय सण. बाहेर ढोल चालू आहेत आणि मी खोलीत बसून हे लिहिते आहे. पत्र छोटं आहे, माफ कर.

तुझ्या बाबासाठी हातमोजे विणायला घेतले आहेत, म्हणून विचारते. त्याच्या हाताची बोटं नीट सरळ होतात का? करंगळी बघ. कुठला हात भाजला, डावा की उजवा? जखम भरली का? आणि आमच्या वडिलांच्या भुवया झुडपासारख्या दाट होत्या. रास्मुसच्या तशाच आहेत का अजून? म्हातारीला उगाच आठवण येते.

तुझे धाकटे भाऊ कुठे झोपतात? बाबाच्या पलंगावर का?

लवकर लिही.

आत्या

*

क्वाल्विक, ३१ मे १९३१

लाडक्या आत्या,

बस खाली. बसलीस? तू येणार आहेस.

मी आईला सगळं सांगून टाकलं. ती शेळीचं दूध काढत राहिली. मग म्हणाली, “चौदा वर्षांची पोर?” मी म्हटलं, हो. म्हणाली, “आणि आईबाप भेटायला गेले नाहीत?” मी म्हटलं, माहीत नाही. मग बादली उचलून थेट घरात गेली आणि बाबासमोर ठेवून म्हणाली, “रास्मुस, हे शेत माझ्या बापाचं आहे. तुझी बहीण इथे येणार.” बाबा ओरडला. असा ओरडलेला मी कधी ऐकला नव्हता. “ती इथे आली तर मी जाईन,” म्हणाला. आई म्हणाली, “जा.” मग तो खुर्चीत बसला, चेहरा हातांत घेऊन. आई म्हणते, शरम आहे, उतरेल.

तेव्हा उन्हाळी सणाच्या आदल्या दिवशी जी बोट येते, तिने ये. आम्ही सगळे धक्क्यावर असू. खोलीला निळा रंग दिला आहे, माझ्या केसांनाही थोडा लागला.

हातमोज्यांचं: डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट आत वळलंय, सरळ होत नाही. वल्ही मारून मारून असं झालं म्हणतो. भाजलाही तोच. जखम अजून ओली आहे, पण दुखत नाही म्हणे. आणि भुवया? तुला कसं गं कळलं! बाहेरच्या टोकाला जवळजवळ उरल्याच नाहीत. पोरं त्याच्याच पलंगावर झोपतात, त्याला चिकटून. ऊब लागते त्यांना.

बोटीचं नक्की कळव!

सिनोवे

*

बर्गेन, ७ जून १९३१

चि. सिनोवे,

सोबतचं बंद पाकीट बाबाला दे. त्याला स्वतः वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे. तू वाचू नकोस. एवढं एकच माझं ऐक.

खोलीच्या रंगाबद्दल काय लिहू? मला कुणी कधी खोली रंगवून दिली नव्हती.

आत्या

*

(बंद पाकिटातलं)

रास्मुस,

हे फक्त तू वाचतो आहेस. पोरीला काही माहीत नाही. तिने मला हसत हसत लिहिलं, की तू हात भाजून घेतलास आणि तुला कळलं नाही.

मला कळलं. तुलाही ठाऊक आहे. केव्हापासून?

मला वाटत होतं, तुला माझी लाज वाटते. तसं नाही. मी आले तर तुझ्याकडे एकदा बघेन आणि ओळखेन, याची तुला भीती वाटते. मला तर चेहराही बघावा लागला नाही.

तुझे मुलगे तुझ्या कुशीत झोपतात. आज त्यांना वेगळं निजव. काहीतरी कारण सांग, खोकला सांग. जखमेला रोज उकळून गार केलेलं पाणी आणि स्वच्छ कापड. हात रोज डोळ्यांनी तपास, कारण तो तुला काही सांगणार नाही.

मग ये. कायदा तुला माहीत आहे, असा रोगी घरी राहू देत नाहीत. आज ना उद्या कुणीतरी तुझ्या भुवयांकडे बघेल आणि डॉक्टरला सांगेल. मला न्यायला सरकारी होडी आली होती, आणि साऱ्या गावाने किनाऱ्यावरून पाहिलं. तुझी मुलं ते बघायला नकोत. स्वतःच्या पायांनी आलास तर तो तुझा निर्णय राहील. इथले डॉक्टर चांगले आहेत. लवकर आलेल्याचं कमी नुकसान होतं. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी सांगते.

सणाच्या बोटीने मी येणार असं पोरीने ठरवलं आहे. मी येत नाही. त्या बोटीने तू ये.

मी इथेच आहे.

ओलिना

*

क्वाल्विक, २८ जून १९३१

श्रीमती ओलिना होल्मे यांस,

तुम्ही बाबाला काय लिहिलंत?

मी तुमचं ऐकलं. न वाचता पाकीट दिलं. तो ते घेऊन होडीघरात गेला आणि दार लावून घेतलं. त्या दिवसापासून त्याने धाकट्यांना पलंगावरून हाकललं. ते रडले, तर ओरडला. आम्हाला कुणाला जवळ येऊ देईना.

बोटीच्या दिवशी आम्ही धक्क्यावर उभे होतो. आईने नवा रुमाल बांधला होता. मी मुलांना फुलांच्या माळा करून दिल्या होत्या, तुमच्यासाठी. तोर्लाइवही आला होता, त्याला मी आदल्या रविवारी सांगितलं होतं. बोट लागली. पिंपं उतरली, टपालाची पिशवी उतरली. तुम्ही उतरला नाहीत. मी कॅप्टनला दोनदा विचारलं. आणि तेवढ्यात बाबा मागून आला, रविवारचा कोट घातलेला, हातात पेटी. आईला म्हणाला, “लाकडाच्या कामासाठी बर्गेनला जातो.” कसलं लाकूड? कुणाचं काम? फळीवरून चढला आणि वळूनसुद्धा पाहिलं नाही.

आज पाच दिवस झाले, एक ओळ नाही. गवत कापायला आलंय. आई एकटी विळा चालवते. लोक विचारतात.

मी तुमच्यासाठी घरात भांडले. तुम्हाला घर हवं होतं ना? आम्ही दिलं. मग आमचा माणूस का बोलावून घेतलात? एवढी वर्षं एकट्या राहिलात, म्हणून आम्हालाही तसंच करायचं होतं का?

सिनोवे रास्मुसदातर

*

बर्गेन, ५ जुलै १९३१

सिनोवे,

तो इथे आहे. जेवतो, झोपतो.

बाकीचं त्याने सांगायचं आहे. त्याने मला तोंड बंद ठेवायला सांगितलं आहे आणि मी आत्ता तरी त्याचं ऐकते आहे, कारण इथे आल्यावर माणसाच्या हातात फारसं काही उरत नाही. एवढं तरी उरू दे. राग माझ्यावर धर, चालेल मला.

एकच ऐक. काही दिवसांत जिल्ह्याचे डॉक्टर तुमच्या घरी येतील. त्यांना दारातून परत पाठवू नका. ते सांगतील तसं करा. आधी धाकट्यांना दाखवा.

ओलिना

*

क्वाल्विक, २० सप्टेंबर १९३१

आत्या,

कितीदा लिहायला बसले आणि फाडून टाकलं.

डॉक्टर जुलैत आले. आधी आईशी बंद खोलीत बोलले. ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा मला ओळखता येईना. मग आम्हा सगळ्यांना उजेडात उभं करून तपासलं. पिसाने आणि टाचणीने. डोळे मिटायला सांगायचे आणि विचारायचे, कुठे टोचलं? धाकटा इतका घाबरला होता, की टोचण्याआधीच “इथे, इथे!” म्हणत होता. काल ते पुन्हा येऊन गेले. कुणातही काही नाही. दर सहा महिन्यांनी बघायचं.

मग मला ती चूल आठवली. आम्ही हसलो होतो. मी ते तुला गंमत म्हणून लिहिलं होतं, आणि तू तिकडे ते वाचलंस.

तुला मी जे लिहिलं, ते मला परत घेता येणार नाही.

तोर्लाइव आता येत नाही. इंगेबोरने मोठ्या मुलीच्या हाती निरोप पाठवला, की हे वर्ष जरा थांबू. मुलगी दारातच उभी राहिली, आत आली नाही, कॉफी नको म्हणाली. मी तोर्लाइवला दुकानात गाठलं. म्हटलं, “तुला माहीत होतं की माझी आत्या तिथे आहे. तेव्हा तू धक्क्यावर उभा होतास ना?” तो म्हणाला, “आत्या वेगळी गं.” आणि मिठाच्या गोणीकडे बघत राहिला. मी म्हटलं, “मग वर्षभराने तरी येशील?” तर म्हणाला, “आईला विचारतो.” मी तिथूनच निघाले. आत्या, माझा इतका संताप झाला, की दुःख व्हायला दोन दिवस लागले.

शेजारचे लोक वाईट नाहीत. बटाटे काढायला माणसं आली. पण कुंपणापर्यंतच. त्यांनी आपापलं जेवण आणलं होतं.

आई म्हणते, तुला विचार, आता येशील का? तू मोकळी आहेस. खोली आहे. हिवाळ्यात या घरात आम्ही चौघंच असू, आणि आई हल्ली बोलत नाही. मला कुणीतरी हवंय, ज्याला हे सगळं आधीपासून माहीत आहे.

बाबा कसा आहे? त्याने एकच पत्र पाठवलं, तेही बटाट्यांबद्दल.

तुझी,
सिनोवे

*

बर्गेन, १८ ऑक्टोबर १९३१

लाडक्या सिनोवे,

तू राग धरलास यात काही चूक नव्हती. तेव्हा तो कुठेतरी ठेवायला हवा होता, आणि मी दूर होते. सोयीचं होतं. आता तो विषय संपला.

तो आला त्या दिवसाचं सांगते. आता मला बोलायची मोकळीक आहे. पाऊस पडत होता, हे सांगायला नकोच. मी खिडकीतून बघत होते. एक माणूस फाटकाबाहेर पेटी घेऊन उभा. आत येईना, परत जाईना. मी त्याला ओळखलं. उभं राहायची पद्धत वडिलांची. मी डोक्यावर शाल घेतली आणि गेले. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि टोपी काढून म्हणाला, “बाई, ओलिना होल्मे कुठे राहते?”

मी त्याच्या पुढ्यात उभी होते, सिनोवे.

मी म्हटलं, “इथेच राहते. आत ये, भिजतोयस.”

मग त्याला कळलं. तो माझ्या हाताकडे बघत होता, आणि मला माहीत होतं की तो माझा हात बघत नव्हता, स्वतःचा बघत होता, पुढच्या वर्षांतला.

पहिले कितीतरी आठवडे तो माझ्याकडे पाठ करून जेवला. एवढं मोठं स्वयंपाकघर, दोनच माणसं, आणि एक भिंतीकडे तोंड करून. मी त्याला काही म्हटलं नाही. मीही पहिलं वर्ष तसंच केलं होतं. मी कॉफी ठेवायची, तो प्यायचा, कप धुऊन पालथा घालायचा. रोज हात तपासू द्यायचा, पण तेही मान वळवून, जणू हात दुसऱ्याचा आहे. जखम आता भरली आहे. डॉक्टर म्हणतात, नजर वाचेल.

गेल्या रविवारी आमच्या आवारातल्या चर्चहून आल्यावर तो खुर्ची घेऊन माझ्यासमोर बसला. म्हणाला, “ओले.” या नावाने मला आईनेसुद्धा कधी हाक मारली नव्हती, फक्त तो मारायचा. म्हणाला, “तुला नेलं तेव्हा मी होडीच्या बरोबरीने किनाऱ्याने पळत होतो. टोकाच्या खडकापर्यंत. ओरडत होतो. तू वळून पाहिलं नाहीस.”

मी म्हटलं, “मला तळाशी बसवलं होतं रे. वर ताडपत्री होती.”

तो म्हणाला, “मला वाटलं, तू रागावलीस.”

मी म्हटलं, “मला वाटलं, माझ्यामागे कुणी आलंच नाही.”

कॉफी गार झाली. एवढ्या साध्या गोष्टीसाठी, पोरी! एका ताडपत्रीसाठी.

आता तुझं विचारणं. तू ते विचारलंस, तुझ्या आईनेही विचारलं, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण मी येत नाही. मोकळी आहे म्हणूनच येत नाही. आजवर इथे मला ठेवलं होतं. आता मी राहते आहे. त्यात फार फरक आहे, आणि तो मला रोज सकाळी उठल्यावर कळतो. डॉक्टरांना सांगितलं, माझ्या सुटकेचा कागद तसाच असू द्या, पण माझी खोली दुसऱ्या कुणाला देऊ नका. रास्मुसला अजून पुष्कळ शिकायचं आहे. गरम भांडं फडक्याशिवाय धरायचं नाही. बुटात पाय घालण्याआधी हात घालून खडा बघायचा. संध्याकाळी पाच वाजता अंधार होतो, तेव्हा काय करायचं. हे शेवटचं डॉक्टर शिकवत नाहीत.

तोर्लाइवबद्दल मी तुला काही सांगणार नाही. मी चौदाची आत आले, मला त्यातलं काही कळत नाही. दुखेल. दुखणं कळतंय, म्हणजे तुझं सगळं शाबूत आहे, असं आम्ही इथे मानतो. हा विनोद आमच्यातला आहे, तुला आवडला नाही तर सोडून दे.

निळ्या खोलीत तू झोपायला जा. चौघांच्या घरात रडायला एक दार हवं. आणि आईला बोलतं करायचं असेल तर तिला काही विचारू नकोस, तिच्या शेजारी बसून काम कर. बाकी मी लिहीत राहीन.

एप्रिलमध्ये बोटी नियमित झाल्या की तू ये. बाबाला भेटता येतं, अंगणात, दिवसाउजेडी. डॉक्टरांना मी विचारून ठेवलं आहे. गावात कुठे जायचं, कुणाला विचारायचं, याची काळजी करू नकोस. मी धक्क्यावर येईन. मी तिथे कितीदा जाऊन बोटी बघितल्या आहेत, पण कुणाला घ्यायला अशी कधी गेले नाही. तेव्हा मी बरीच आधी येऊन उभी असेन.

तुझी,
ओलिनाआत्या